केबल सगळ्यात शेवटी बंद करा: घरचा टीव्ही इंटरनेटवर आणण्याची रीत

केबल बंद करून टीव्ही इंटरनेटवर आणायचं ठरलं की बहुतेक जण पहिला फोन केबलवाल्याला करतात. मग नवं काही नीट सुरू होईपर्यंत घरात दोन-तीन आठवडे नुसती चिडचिड. तो फोन या कामातला शेवटचा असू द्या. त्याआधी बरंच काही बघून घ्यायचं असतं, आणि ते बघून झालं की फोन करायला भीती वाटत नाही.

मी हे आधी आमच्या घरी केलं, मग भावाच्या, मग ओळखीच्या आणखी तीन-चार घरी. प्रत्येक ठिकाणी घोडं अडलं ते वेगळ्याच जागी. कुठे वायफाय टीव्हीच्या भिंतीपर्यंत पोचत नव्हतं, कुठे टीव्ही इतका जुना होता की त्याला नवं काही जोडताच येईना, आणि सगळ्यात जास्त वेळा घरातल्या वयस्कर माणसाला नवा रिमोट उमगत नव्हता. ‘कोणती सेवा घ्यावी’ या प्रश्नावर मात्र कोणाचंच अडलं नाही. म्हणून या लेखात सेवांबद्दल थोडं आणि बाकीच्या गोष्टींबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी आठवडाभर कागद ठेवा

टीव्हीशेजारी एक कागद आणि पेन ठेवा. जो टीव्ही लावेल त्याने काय पाहिलं आणि साधारण किती वेळ पाहिलं, एवढंच लिहायचं. घरातल्या सगळ्यांनी लिहायचं, लहान मुलांचं आपण लिहायचं. आठवड्याने कागद हातात घेतलात की कळेल, शेकडो चॅनेलांपैकी आपण मोजकेच लावतो. आमच्या कागदावर अकरा नावं होती, आणि त्यातली चार फक्त एकदाच आलेली.

आता त्या नावांवर खुणा करा. काही गोष्टी त्याच वेळी पाहाव्या लागतात: बातम्या, सामने, थेट सोहळे. काही कधीही चालतात: मालिका, सिनेमे, मुलांची कार्टून. आणि तिसरा एक प्रकार आहे, तो लोक विसरतात. नुसताच लावून ठेवलेला टीव्ही. हाताने काम चालू आहे, घरात कोणी बोलायला नाही, म्हणून सोबतीला आवाज. केबलचा खरा गुण इथे आहे. बटण दाबलं की काहीतरी सुरू होतं, काय बघायचं ते ठरवावं लागत नाही. स्ट्रीमिंगमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून बघताना, प्रत्येक वेळी निवड करावी लागते. ज्या घरात हा तिसरा प्रकार जास्त आहे, तिथे त्याची सोय आधीच लावली नाही तर पंधरा दिवसांत केबल परत येते.

इंटरनेट: आकडा घराचा नव्हे, टीव्हीच्या जागेचा बघा

केबलच्या तारेतून सगळे चॅनेल एकदमच घरात येत असतात, बॉक्स त्यातला एक उचलून दाखवतो. शेजारी किती जण टीव्ही बघतायत याने तुमच्या चित्राला काही होत नाही. इंटरनेटवर प्रत्येक पडद्यासाठी वेगळा प्रवाह येतो. घरात दोन टीव्ही चालू असतील तर दोन प्रवाह, शिवाय कोणी फोनवर व्हिडिओ बघत असेल तर तिसरा. म्हणून बेरीज करावी लागते.

नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की ७२० पिक्सेलच्या चित्राला सेकंदाला ३ मेगाबिट, फुल एचडीला ५ मेगाबिट आणि फोर-केला १५ मेगाबिट वेग लागतो. बाकीच्या सेवांचे आकडेही याच्या आसपास असतात, थेट सामन्यांना थोडा जास्त धरावा. दोन टीव्ही फुल एचडीवर, दोन फोन, आणि मागे चालू असलेली अपडेट्स असं धरलं तर २५ ते ३० एमबीपीएसमध्ये (म्हणजे सेकंदाला तितक्या मेगाबिटमध्ये) घर आरामात चालतं. फोर-के टीव्ही असेल तर ५० घ्या. शंभर-दोनशेच्या जोडणीने टीव्हीचं चित्र आणखी छान होत नाही. ते पैसे चांगल्या राउटरवर घालवलेले बरे.

वेग मोजताना चूक होते ती अशी की आपण राउटरपाशी उभे राहून फोनवर मोजतो आणि खूश होतो. फोन घेऊन टीव्हीच्या मागे जा. जिथे उपकरण बसणार आहे तिथे, रात्री आठ ते दहाच्या दरम्यान मोजा. त्या वेळी आजूबाजूचं प्रत्येक घर इंटरनेटवर असतं आणि जोडणीचा खरा कस लागतो. भावाच्या घरी दुपारी राउटरपाशी ९० येत होते, रात्री टीव्हीच्या मागे ४. मध्ये एक जाड भिंत आणि लोखंडी कपाट. राउटर त्या कपाटाच्या वर, भिंतीला चिकटून ठेवला होता. तो फक्त दाराजवळच्या फळीवर आणला आणि तेच ४ चे ३८ झाले. एक पैसाही खर्च झाला नाही.

राउटर साधारण घराच्या मध्यावर, उंचावर, उघड्यावर ठेवा. बंद कपाटात, धातूच्या वस्तूंमागे किंवा थेट टीव्हीच्या पाठीशी नको. बहुतेक राउटर लहरींच्या दोन पट्ट्यांवर (बँडवर) चालतात. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी लांब पोचते, भिंती ओलांडते, पण तिचा वेग कमी असतो आणि तिच्यावर शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांची गर्दी असते. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्टीत लुडबुड करतो. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान आहे पण भिंतीपुढे लवकर दमते. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत असतील तर टीव्हीला ५ वर जोडा.

त्याहून चांगला उपाय म्हणजे सरळ लॅनची तार. राउटरपासून टीव्हीपर्यंत तार नेता येत असेल तर वायफायचा विचारच सोडा. साधी कॅट-५-ई तार १०० मीटरपर्यंत चालते. बऱ्याच टीव्हींचं लॅनचं पोर्ट सेकंदाला १०० मेगाबिटपर्यंतच चालतं, त्याने बिचकू नका, फोर-केला १५ लागतात. मी जिथे जिथे तार टाकली तिथून पुन्हा तक्रारीचा फोन आला नाही.

डेटाची मर्यादा असेल तर हा हिशेब करून घ्या. नेटफ्लिक्सच्याच आकड्यांनुसार साध्या दर्जाला तासाला सुमारे १ जीबी, एचडीला ३ जीबीपर्यंत, फोर-केला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. रोज चार तास एचडी म्हणजे १२ जीबी, महिन्याला ३६० जीबी. एकाच टीव्हीचे. तेव्हा मर्यादित डेटाच्या जोडणीवर केबल सोडू नका, किंवा सेवेच्या सेटिंगमध्ये दर्जा मध्यम करून ठेवा. छोट्या पडद्यावर फारसा फरक जाणवतही नाही.

सुरुवातीची काही सेकंद चित्र धूसर दिसतं आणि मग साफ होतं, हा बिघाड नाही. सेवा आधी हलकं चित्र पाठवते आणि वेगाचा अंदाज आला की जड चित्रावर जाते. पण चित्र सतत वर-खाली होत असेल, किंवा गोल फिरणारं चक्र दिसत असेल, तर दोष जवळजवळ नेहमी घरातल्या वायफायचा असतो. इंटरनेट कंपनीला फोन लावण्याआधी राउटर हलवून बघा.

टीव्हीच्या पाठीमागे डोकावा

टीव्ही स्मार्ट असेल आणि पाच-सहा वर्षांच्या आतला असेल तर कदाचित काहीच विकत घ्यावं लागणार नाही. त्यातली ॲप चालवून बघा. ती रखडत असतील तर टीव्ही बदलायची गरज नाही, बाहेरून एक छोटं उपकरण जोडलं की झालं. टीव्हीचा पडदा दहा-बारा वर्षं टिकतो, पण त्यातला संगणक त्याच्या निम्म्या वेळात म्हातारा होतो आणि कंपन्या त्याला अपडेट देणं थांबवतात. २०१९ च्या डिसेंबरपासून नेटफ्लिक्स २०१० आणि २०११ सालच्या काही सॅमसंग टीव्हींवर चालेनासं झालं. टीव्ही धडधाकट होते. म्हणून नवा टीव्ही घेताना ‘आत काय काय ॲप आहेत’ याला मी फार महत्त्व देत नाही, पडदा चांगला बघून घ्यावा.

बाहेरून जोडायला एचडीएमआय पोर्ट, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच तारेतून घेणारी खाच, लागतं. २००५ नंतरच्या बहुतेक चपट्या टीव्हींना ते असतं. लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या पिनांचाच टीव्ही असेल तर मध्ये कन्व्हर्टर लावून चित्र दिसतं खरं, पण मेनूची अक्षरं वाचता येत नाहीत. अशा टीव्हीसाठी केबलच राहू द्या, असं मी स्पष्ट सांगेन.

उपकरणं दोन आकारांत येतात. एक पेनासारखी स्टिक, जी टीव्हीच्या मागे खोचतात, आणि दुसरा तळहाताएवढा बॉक्स. रोकू, फायर टीव्ही, गूगलचं क्रोमकास्ट आणि त्यापुढचे गूगल टीव्हीवाले, ॲपल टीव्ही ही नावं तुम्ही ऐकली असतील. नवख्या घराला यातलं कोणतंही चालेल. निवडताना एकच बघा: कागदावर ज्या कार्यक्रमांची नावं आहेत त्यांची ॲप त्यावर मिळतात का? दुकानात जाण्याआधी त्या त्या सेवेच्या मदतीच्या पानावर ‘कोणत्या उपकरणांवर चालतं’ ते वाचा.

स्टिक लावताना एक खबरदारी घ्या. तिला वीज देण्यासाठी टीव्हीचंच यूएसबी पोर्ट वापरायचा मोह होतो, कारण तार लपते. टीव्हीचं साधं यूएसबी २.० पोर्ट अर्धा अँपिअर वीज देतं आणि अशा स्टिकला साधारण एक अँपिअर लागते. आमची स्टिक दिवसा ठीक चालायची आणि रात्री सिनेमा रंगात आला की काळा पडदा, मग कंपनीचं चिन्ह, मग पुन्हा पहिल्यापासून. मी तीन आठवडे इंटरनेटला दोष देत होतो. सोबत आलेला अडॅप्टर भिंतीत लावला आणि तो प्रकार कायमचा थांबला. सोबत मिळणारी एचडीएमआयची वीतभर जोडतारही वापरा. स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटून राहिली की तापते आणि तिच्यापर्यंत वायफाय पोचताना टीव्हीचाच आडोसा होतो.

आता एक कळकळीची सूचना. ‘एकदाच पैसे भरा, जगातले सगळे चॅनेल फुकट’ असं सांगून विकले जाणारे बिननावाचे अँड्रॉइड बॉक्स घरात आणू नका. ते चोरीचं प्रक्षेपण दाखवतात ही एक बाजू झाली. दुसरी बाजू थेट तुमच्या घराला धोका देणारी आहे. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ नावाच्या प्रकरणाबद्दल लोकांना सावध केलं. असे लाखो बॉक्स आणि इतर उपकरणं विकत घेण्याआधीच किंवा पहिल्यांदा सुरू करताना बाधित झालेली होती, आणि घरच्या इंटरनेटचा वापर गुन्हेगारांची वाट म्हणून होत होता. बाधा नसली तरी अशा बॉक्सवर चित्र बहुधा साधंच दिसतं. अधिकृत सेवा एचडी चित्र देण्याआधी उपकरणातलं सुरक्षेचं प्रमाणीकरण तपासतात, आणि ते नसेल तर कितीही वेग असला तरी धूसर दर्जाच पाठवतात. पैसे फोर-केचे आणि चित्र फोनचं, अशी गत होते.

सेवा घेताना

कागद काढा. प्रत्येक नावापुढे ते कुठे मिळतं ते लिहा. पुष्कळ चॅनेलांची स्वतःची ॲप असतात, काही वृत्तवाहिन्या यूट्यूबवर चोवीस तास थेट चालतात. ज्या देशात हवेतून फुकट डिजिटल प्रक्षेपण होतं तिथे छतावरचा किंवा खिडकीतला अँटेना अजूनही उत्तम. इंटरनेट गेलं तरी तो चालतो.

सेवा ढोबळमानाने तीन जातींच्या. पैसे भरून हवं ते हवं तेव्हा पाहायचं. पैसे भरून थेट चॅनेल पाहायचे, म्हणजे केबलच पण इंटरनेटवरून. आणि जाहिराती बघून फुकट पाहायचं. तिसऱ्या जातीतले चॅनेल केबलसारखेच एकामागून एक चालत राहतात, लावले की झालं. तो ‘सोबतीला लावून ठेवलेला टीव्ही’ आठवतोय ना, त्याची सोय इथे होते. नव्या स्मार्ट टीव्हींवर असे फुकट चॅनेल बहुतेक वेळा आधीपासूनच असतात, फक्त कोणी उघडून बघत नाही.

सगळ्या सेवा एकदम घेतल्या की खर्च केबलच्या पुढे जातो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे तेच करतात. सुरुवातीला दोनच घ्या. वर्षभराचं वर्गणीशुल्क फक्त त्या सेवेचं भरा जी घरात बारा महिने उघडली जाते. बाकीच्या महिन्या-महिन्याने आलटून पालटून. एक मालिका पूर्ण येऊ द्या, महिनाभराची वर्गणी भरा, ती आणि आणखी दोन बघा, सोडा. वर्गणी भरल्या दिवशीच रद्द केली तरी बहुतेक सेवा भरलेला महिना पूर्ण चालू ठेवतात. मी भरल्या मिनिटाला रद्द करतो, म्हणजे विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. फुकट चाचणीचा काळ मात्र काही ठिकाणी रद्द करताच संपतो, तेव्हा तिथे अटी वाचा आणि संपण्याच्या आदल्या दिवसाची फोनवर आठवण लावा.

इंटरनेटच्या किंवा फोनच्या प्लॅनसोबत सेवा ‘फुकट’ मिळत असेल तर ती आधी तपासा. पुष्कळदा ती फक्त मोबाइलवर चालणारी असते, टीव्हीवर उघडतच नाही. एका वेळी किती पडद्यांवर चालते आणि दर्जा कुठवर मिळतो, हेही त्याच पानावर लिहिलेलं असतं. दोन टीव्हींच्या घरात एकाच पडद्याचा प्लॅन घेतला की पहिल्याच संध्याकाळी भांडण.

खातं उघडताना पासवर्ड रिमोटने टाइप करत बसू नका. पडद्यावर कोड किंवा क्यूआर येतो, तो फोनवरून भरा. सगळ्या सेवांना एकच ईमेल वापरा, घरातल्या दोन माणसांना माहीत असलेला.

सामने

खेळ बघणाऱ्या घरासाठी हा भाग वेगळा. इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण केबलच्या मागे असतं, साधारण वीस सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत. चित्राचे छोटे तुकडे करून पाठवतात, आणि उपकरण अडखळू नये म्हणून काही तुकडे आधी साठवून मगच दाखवतं, त्याचा हा वेळ. शेजारी केबल असेल तर तुम्हाला षटकार दिसण्याआधी भिंतीपलीकडून ओरडा ऐकू येतो. यावर पूर्ण इलाज नाही. सामन्यापुरते फोनवरचे स्कोअरचे संदेश बंद ठेवा. मोठ्या सामन्याच्या दिवशी ॲप अर्धा तास आधी उघडून, लॉगिन आहे ना ते बघून ठेवा. ऐन वेळी ‘अपडेट करा’ असं आलं की जीव खालीवर होतो.

कोणत्या स्पर्धेचे हक्क कोणाकडे आहेत हे दर काही वर्षांनी बदलतं. खेळासाठी वर्षाची वर्गणी भरण्याआधी ती स्पर्धा त्या वर्षी खरोखर तिथेच आहे का ते त्या सेवेच्या पानावर बघून घ्या.

घरातल्या वयस्कर माणसासाठी

याला सगळ्यात जास्त वेळ द्या.

आमच्या बाबांचा अंगठा रिमोटकडे न बघता चालायचा. बातम्यांचा तीन आकडी नंबर त्यांना चष्म्याशिवाय, अंधारातही दाबता यायचा. नव्या रिमोटवर आकडेच नव्हते. एक गोल कडी, मध्ये एक बटण, आणि खाली तीन चित्रं. ते कडी जोरात दाबून धरायचे आणि पडद्यावरची चौकट दोन घरं पुढे निघून जायची. कोणती चौकट निवडली आहे हे दाखवणारी पांढरी कड इतकी बारीक होती की त्यांना ती दिसतच नव्हती. चौथ्या दिवशी त्यांनी टीव्ही लावणंच सोडलं आणि आम्हाला म्हणाले, ‘मला नाही बघायचं काही.’ मला ते फार लागलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. आम्ही त्यांच्या हातातली एक चालती गोष्ट काढून घेतली होती आणि तिच्या जागी नीट काही दिलं नव्हतं.

मग मी त्यांच्या शेजारी बसलो आणि त्यांना हवं ते किती दाबण्यांत सुरू होतं ते मोजलं. चौदा. ते दोनवर आणायचं ठरवलं.

मुख्य पडद्यावरची नको असलेली सगळी ॲप काढून टाकली किंवा शेवटी ढकलली. पहिल्या जागी बातम्यांचं ॲप आणलं, दुसऱ्या जागी यूट्यूब, तिसऱ्या जागी आईच्या मालिकांचं. रिमोटवरच्या घराच्या चित्राच्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. आता त्यांचं सूत्र असं: लाल ठिपका, मग मधलं बटण. झालं. बातम्या सुरू. टीव्हीच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करण्याची आणि निवडलेली चौकट ठळक करण्याची सोय असते, ‘ॲक्सेसिबिलिटी’ या नावाखाली. तीही लावली.

दोन रिमोट एक करता आले तर करा. टीव्ही आणि स्टिक एचडीएमआयच्या तारेतून एकमेकांना हुकूम देऊ शकतात. या सोयीचं खरं नाव सीईसी, पण सॅमसंग तिला ॲनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती चालू केली की स्टिकच्या रिमोटनेच टीव्ही चालू होतो, आवाज कमी-जास्त होतो आणि इनपुटही आपोआप बदलतं. जुना रिमोट मग खणात ठेवा, नजरेआड.

तरीही दोन प्रसंग नक्की येतील आणि त्यांची तालीम आधीच करून घ्यावी लागते. पहिला: चुकून ‘सोर्स’ दाबलं जातं आणि निळा पडदा येतो, ‘नो सिग्नल’. घरात एकट्या असलेल्या माणसाला वाटतं टीव्ही गेला. दुसरा: बराच वेळ कोणी बटण दाबलं नाही की काही सेवा थांबतात आणि ‘अजून पाहताय का?’ असं विचारतात. बाबांना वाटायचं, आपण काहीतरी बिघडवलं. दोन्ही प्रसंग मी मुद्दाम घडवून आणले आणि त्यांच्याकडूनच तीन-तीनदा सोडवून घेतले. मी रिमोट हातात घेतला नाही. हा नियम पाळाच. आपण पटकन करून दाखवतो आणि समोरच्याला काही येत नाही.

रिमोटवर माइकचं बटण असेल तर तेही शिकवा. मराठीत नाव उच्चारलं तरी पुष्कळदा बरोबर सापडतं. आई हल्ली टाइप करतच नाही.

एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून टीव्हीखाली चिकटवा: चालू कसा करायचा, बातम्या कशा लावायच्या, निळा पडदा आला तर काय, काहीच चाललं नाही तर काय. चौथ्याचं उत्तर बहुधा हेच असतं की भिंतीवरचं बटण बंद करून मिनिटभराने पुन्हा लावा.

सेटिंगमधल्या थोड्या गोष्टी

संवाद हळू आणि संगीत कानठळ्या बसवणारं, ही तक्रार प्रत्येक घरात येते. सहा स्पीकरांसाठी बनवलेला आवाजाचा ५.१ ट्रॅक टीव्हीच्या दोन छोट्या स्पीकरांतून वाजत असतो. आवाजाच्या पर्यायात साधा स्टीरिओ ट्रॅक निवडा, बराच फरक पडेल.

सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसत असेल तर टीव्हीतलं ‘मोशन’ नावाचं काहीतरी चालू आहे, ते बंद करा. काही टीव्हींवर ‘फिल्ममेकर मोड’ असतो, तो हे एका फटक्यात करतो.

मुलांसाठी वेगळं प्रोफाइल करा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा. खरेदीलाही पिन लावा. पुढचा भाग आपोआप सुरू होणंही मुलांच्या प्रोफाइलमध्ये बंद करता येतं, आणि ते करावंच.

टीव्हीवर काय चाललंय याची नोंद घेऊन कंपनीला पाठवण्याची सोय अनेक स्मार्ट टीव्हींत असते. २०१७ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने व्हिझिओ या टीव्ही कंपनीवर याच कारणाने कारवाई केली. १ कोटी १० लाख टीव्हींवरून, बघणाऱ्यांना न कळवता आणि त्यांच्या संमतीशिवाय, ही माहिती गोळा होत होती. तुमच्या टीव्हीच्या ‘प्रायव्हसी’ भागात जाऊन ‘व्ह्यूइंग डेटा’ किंवा तशा नावाचं जे असेल ते बंद करा. टीव्ही बघण्यात काहीही अडत नाही.

एक महिना दोन्ही चालू, मग केबलवाल्याला फोन

केबल आणि नवी व्यवस्था महिनाभर शेजारी-शेजारी चालू द्या. फक्त केबलच्या बॉक्सची वीज काढून ठेवा. कोणी पुन्हा लावायला मागितला तर का मागितला ते कागदावर लिहा. भावाकडे तो दोनदा लागला, दोन्ही वेळा एकाच चॅनेलसाठी, आणि त्या चॅनेलचं ॲप असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. चौथा आठवडा बॉक्सला हात न लावता गेला की फोन करायला हरकत नाही.

फोनच्या आधी एक गोष्ट तपासा. तुमचं इंटरनेट त्याच केबल कंपनीकडून, त्याच तारेतून येतं का? तसं असेल तर टीव्ही काढल्यावर इंटरनेटचा दर किती होईल ते लेखी विचारा. जोडसवलत जाते आणि नुसत्या इंटरनेटचा आकडा कधीकधी चकित करणारा निघतो. कराराची मुदत बाकी असेल तर ती संपेपर्यंत थांबणं परवडतं. बॉक्समध्ये रेकॉर्ड करून ठेवलेलं काही असेल तर ते बॉक्ससोबतच जाईल, आधी पाहून घ्या.

राउटरला छोटा यूपीएस लावून ठेवा. टीव्ही वीज गेल्यावर बंद पडेल, पण फोनवर बातम्या तरी दिसतील. पूर-वादळाच्या दिवसांसाठी बॅटरीवर चालणारा एक रेडिओ घरात असू द्या.

बंद करण्याची विनंती शक्यतो लेखी करा आणि विनंतीचा क्रमांक घ्या. बॉक्स परत करताना त्याचा रिमोट, अडॅप्टर आणि कार्ड सोबत द्या, नाहीतर अनामत रकमेतून कापतात. बॉक्सवरच्या क्रमांकाचा फोटो काढा, परत केल्याची पावती मागा आणि तिचाही फोटो काढा. पुढच्या महिन्यात बिल आलंच तर हे दोन फोटो लागतील. बँकेतून आपोआप पैसे जात असतील तर शेवटचं बिल भरल्यावर ती परवानगी स्वतः जाऊन काढा. भिंतीतली तार मात्र कापू नका, इंटरनेट तिच्यातूनच येत असू शकतं.